मुलगा धडधाकट आहे, तोवरच

हे बघ, आधी तो रिपोर्ट घडी करून फाइलमध्ये ठेव. मध्यरात्री उठून पुन्हा पुन्हा वाचल्याने त्यातलं एक अक्षरही बदलणार नाही, आणि सकाळी पोराच्या डब्याला उशीर होईल तो वेगळाच. तुला त्यातले दोनच शब्द दिसतायत, मला ठाऊक आहे. 'पॅथोजेनिक' आणि 'हेमिझायगस'. पहिला म्हणजे आजार घडवू शकणारा बदल. दुसरा ऐकायला भयंकर आहे, पण त्यात भयंकर काही नाही गं. हा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, मुलग्याला एक्स एकच असतो, म्हणून या जनुकाची प्रतही एकच. बस्स, एवढंच त्या शब्दाचं म्हणणं.

जनुकाचं नाव एसएच२डी१ए. हे नाव पाठ व्हायला मला इतका वेळ लागला की आमच्या खात्याच्या एका बैठकीत मी बिनधास्त दुसऱ्याच जनुकाचं नाव ठोकून दिलं होतं आणि समोरचे ज्येष्ठ डॉक्टर बिचारे सभ्यपणे मान डोलावत राहिले. तेव्हा तुला ते जमत नसेल तर लाज वाटून घेऊ नकोस. घरात बोलताना 'सॅप' म्हण. या जनुकापासून जे प्रथिन बनतं त्याचं ते सुटसुटीत नाव, आणि डॉक्टरही तेच वापरतात.

आता हे सॅप करतं काय, ते नीट समजून घे. एकदा ते कळलं की डॉक्टरांची घाई कशासाठी चाललीय तेही कळेल. सॅप अगदी चिमुकलं आहे, १२८ अमिनो आम्लांचं. ते स्वतः जंतू मारत नाही, अँटिबॉडी बनवत नाही, कुठली रासायनिक क्रियाही घडवत नाही. आपल्याकडे लग्नं जुळवणाऱ्या काकू असतात ना, त्यांच्यासारखं त्याचं काम. काकू स्वतः बोहल्यावर चढत नाहीत, पण त्यांच्यावाचून दोन घरांची गाठ पडत नाही. टी पेशी आणि एनके पेशी, म्हणजे आपल्या शरीरातल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, यांच्या पृष्ठभागावर स्लॅम नावाच्या कुटुंबातले ग्राही असतात. समोरच्या पेशीला हात लावून ती कोण आहे हे ते ओळखतात. पेशीच्या आत 'फिन' नावाचं एक विकर असतं, ते संदेश पुढे ढकलतं. सॅप एका हाताने ग्राहीचं शेपूट धरतं आणि दुसऱ्या हाताने फिनला ओढून आणतं. झाली गाठ, गेला संदेश. आणि गंमत अशी की काकू नसल्या तर प्रकरण नुसतं रखडत नाही. त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर लग्न मोडणारी मंडळी येऊन बसतात. सॅप नसलं की त्याच ग्राहीला संदेश खोडून टाकणारी विकरं चिकटतात, आणि जो ग्राही 'मार' म्हणायला हवा तोच 'थांब' म्हणू लागतो.

हे सगळं रोजच्या सर्दी-खोकल्यात फारसं कळून येत नाही. कळतं ते एका विषाणूशी गाठ पडल्यावर. त्याचं नाव एपस्टाइन-बार, ईबीव्ही. १९६४ साली अँथनी एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि यव्हॉन बार यांनी तो पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून पाहिला. हा काही दुर्मीळ पाहुणा नाही बरं का. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांना तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो. तुला झालेला असणार, मलाही झालेला असणार. लहानपणी झाला तर बहुतेकदा साध्या तापावर निभावतं, किंवा पत्ताही लागत नाही. तो बी पेशींमध्ये शिरतो आणि तिथेच जन्मभर दडून राहतो. निरोगी माणसाच्या टी आणि एनके पेशी त्याला दडलेलाच ठेवतात, डोकं वर काढू देत नाहीत. सॅप नसलेल्या मुलाच्या या पेशी विषाणू शिरलेल्या बी पेशीसमोर जातात खऱ्या, पण तिला मारू शकत नाहीत.

आणि इथे दुसरी अडचण सुरू होते. विषाणू मरत नाही म्हणून शरीर आणखी टी पेशी बनवतं, मग आणखी. एरवी लढाई संपली की या जादा पेशींनी आपण होऊन मरायचं असतं. पण तो मरणाचा निरोपही सॅपच्याच हातून जातो. मग या पेशी साचत जातात, रक्तात भडका उडवणारी रसायनं सोडत राहतात, आणि शरीरातल्या सफाईच्या पेशी चवताळून आपल्याच रक्तपेशी गिळू लागतात. याला डॉक्टर एचएलएच म्हणतात. ताप उतरत नाही, यकृत आणि पाणथरी वाढतात, प्लेटलेट घसरतात, फेरिटिन आकाशाला भिडतं. मला तुला घाबरवायचं नाही. पण या तीन अक्षरांना मात्र घाबरलंच पाहिजे, कारण सगळी धडपड ती टाळण्यासाठी आहे.

तुझ्या पोराचं तसं काही झालेलं नाही, हे आधी मनात पक्कं कर. त्याला वारंवार न्यूमोनिया झाला, कुणीतरी शहाण्या डॉक्टरने इम्युनोग्लोब्युलिन तपासलं, ते कमी निघालं, मग जनुकांची तपासणी झाली आणि हे सापडलं. ते कमी निघण्याचं कारणही सॅपच. बी पेशींना चांगल्या, टिकाऊ अँटिबॉडी बनवायला टी पेशींची मदत लागते, आणि त्या मदतीलाही हाच मध्यस्थ हवा असतो. कित्येक मुलगे वर्षानुवर्षं 'अँटिबॉडी कमी असणारा मुलगा' म्हणून औषधं घेत राहतात आणि खरं कारण कुणाला कळतच नाही. काहींमध्ये तर पहिली खूण म्हणजे लिम्फोमा असतो, बहुतेकदा पोटातला. तुला कळलं, आणि वेळेत कळलं. खरं सांगू का, हा रिपोर्ट तुला शाप वाटतोय, पण मी अशा आयांना भेटले आहे ज्यांना तो मूल अतिदक्षता विभागात असताना हातात मिळाला. त्यांनी तुझ्या जागी असण्यासाठी काहीही दिलं असतं.

बरं, आता सासूबाईंचा विषय. 'तुझ्याकडून आलं' असं त्या म्हणाल्या, आणि तू गप्प बसलीस. अगं, मुलग्याला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळतं, वडिलांकडून वाय. तेव्हा एक्सवरची जी काही देणगी असेल, चांगली किंवा वाईट, ती आईच्याच हातून जाणार. पण ती तू निवडून दिली नाहीस, गरोदरपणात काय खाल्लंस, कुठल्या ग्रहणात बाहेर गेलीस, याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. शिवाय कधी कधी असा बदल मुलातच नव्याने घडलेला असतो, आईत नसतोच. म्हणून तुझीही तपासणी करायची. अपराध सिद्ध करायला नव्हे, तर पुढे घरात आणखी कुणाला तपासायचं हे ठरवायला. हे वाक्य सासूबाईंना सांगताना पदर खोचून, स्वच्छ आवाजात सांग. आणि त्यांनाही एक काम दे. रिकाम्या माणसाला दोष द्यायला वेळ मिळतो.

तू वाहक निघालीस तरी तू ठणठणीत राहतेस, कारण तुला दोन एक्स आहेत. प्रत्येक पेशी त्यातला एक झोपवून ठेवते, दुसरा चालू ठेवते. म्हणजे तुझ्या काही पेशींत सॅप आहे, काहींत नाही. आणि बघ, इथे शास्त्रज्ञांनी फार सुंदर काम केलंय. २०११ मध्ये त्यांनी अशा वाहक स्त्रियांचं रक्त तपासलं. फ्लूच्या विषाणूला ओळखणाऱ्या मारक टी पेशी पाहिल्या तर त्यात सॅप असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही सापडल्या. ईबीव्हीला ओळखणाऱ्या पेशी मात्र जवळपास सगळ्या सॅप असलेल्याच. कारण बी पेशीत दडलेल्या शत्रूशी लढायचं असेल तरच हा मध्यस्थ अपरिहार्य असतो. एकाच विषाणूपुढे ही मुलं का कोसळतात, हे कोडं तुझ्यासारख्या धडधाकट बायकांच्या रक्ताने सोडवलं. ज्या रक्ताला घरात नावं ठेवली जातायत त्याच रक्ताने.

आता एक अवघड काम सांगते. आईजवळ बस, आणि जमलं तर आजीजवळही, आणि माहेरच्या बाजूचे मुलगे आठव. आईचे भाऊ, आजीचे भाऊ, मावश्यांची मुलं. लहानपणी तापाने गेलेला एखादा मामा, 'कावीळ डोक्यात गेली' असं ज्याच्याबद्दल सांगतात तो, किंवा ज्याला सतत छातीचा त्रास असायचा तो. आपल्याकडे लहान वयात गेलेल्या मुलांचं नाव घेत नाहीत. फोटो काढून ठेवलेला असतो, पण भिंतीवर नसतो. हळुवारपणे विचार. हा आजार उजेडात आला तोच मुळी असा, वंशावळीतून. अमेरिकेत डेव्हिड पर्टिलो नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९७५ साली 'लॅन्सेट'मध्ये डंकन आडनावाच्या एका कुटुंबाची हकिगत छापली. त्या घरातल्या अठरा मुलग्यांपैकी सहाजण याने गेले होते, आणि नातं सगळं आयांच्या बाजूचं. बरीच वर्षं याला 'डंकन रोग'च म्हणत. आता एक्सएलपी म्हणतात. जनुक सापडायला मात्र १९९८ उजाडावं लागलं, आणि तेव्हा तीन वेगवेगळ्या गटांनी तो एकाच वर्षी शोधून काढला. म्हणजे डंकन घरातल्या आयांना तेव्हा जे कळलं नाही ते तुला एका रक्ताच्या नळीत कळलं.

बरं, आता उष्ट्याचं. ईबीव्ही थुंकीतून पसरतो, हे तू कुठेतरी वाचलंस आणि घरात कर्फ्यू लावलास, असं तुझा नवरा सांगत होता. आजीने मुका घेतला की ओरडतेस म्हणे. अगं वेडाबाई, आपल्याकडे बाळाला घास भरवण्याआधी तो आपल्या ओठाला लावून बघणारी पिढी अजून हयात आहे. 'उष्टं खाल्लं की प्रेम वाढतं' म्हणणारीही आहे. उष्टं बंद कर, पाण्याची बाटली वेगळी ठेव, घरात कुणाला ताप-घसा असेल तर त्याने लांब राहायचं. एवढं रास्त आहे. पण ज्यांच्या अंगात हा विषाणू जन्मभर दडलाय अशी माणसं सगळीकडे आहेत, आणि त्यांच्यापैकी कुणालाही ते माहीत नाही. तू दाराशी लाटणं घेऊन उभी राहिलीस तरी तो पूर्ण टळेल याची खात्री नाही. म्हणून तर पक्का उपाय करायचा.

विषाणू आधीच आलाय का, हे बघण्यासाठी पीसीआर करून रक्तातला विषाणू मोजतात. नुसती अँटिबॉडीची तपासणी पुरत नाही. ही मुलं मुळातच अँटिबॉडी नीट बनवत नाहीत, आणि महिन्याकाठी इम्युनोग्लोब्युलिन चढवत असाल तर त्या बाटलीत दुसऱ्यांच्या अँटिबॉडी असतातच. रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला म्हणजे तो पोराचा आहे की दात्यांचा, कुणी सांगावं? हे मुद्दाम सांगते, कारण या एका गोष्टीवरून घरं उगाच घाबरतात किंवा उगाच निश्चिंत होतात. तुझ्या मुलाचा पीसीआर निगेटिव्ह आहे. ही आपली आजची सगळ्यात मोठी जमा.

आणि आता मूळ मुद्दा, ज्यासाठी तुला बसवून घेतलंय. डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांटबद्दल सांगितलं, आणि तुम्ही दोघं म्हणालात, 'पण तो तर छान आहे. सायकल चालवतो, शाळेत जातो. धडधाकट पोराला केमो कशाला द्यायची?' हा प्रश्न विचारणारी तू पहिली नाहीस, आणि तो मूर्खपणाचाही नाही. मी आई असते तर मीही हेच म्हणाले असते. पण आकडे ऐक. २०११ मध्ये जगभरातल्या केंद्रांनी मिळून सॅपच्या दोषाचे ९१ रुग्ण एकत्र मोजले. त्यांतल्या ज्यांचा ट्रान्सप्लांट झाला त्यांच्यापैकी ८१.४ टक्के जगले. पण ज्यांना आधी एचएलएच होऊन गेलेलं होतं त्यांच्यात हा आकडा ५० टक्क्यांवर आला. आणि एचएलएच झालं, ट्रान्सप्लांट झालाच नाही, अशांपैकी वाचले फक्त १८.८ टक्के. समजलं का? त्याचं आज छान असणं हे थांबण्याचं कारण नाही, करण्याचं कारण आहे. आजारी पडल्यावर करू म्हणशील तर आपण सगळ्यात वाईट दिवस निवडला असं होईल.

जोखीम नाही असं मी म्हणणार नाही. जो तसं म्हणेल त्याच्याकडे जाऊ नकोस. केमो आहे, महिनोन्महिने एकांत आहे, नवीन पेशींनी यजमानाच्या शरीरावरच उलटण्याची भीती आहे. पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, तेही आधी विचारून घे. सगळं विचार, वहीत लिहून ने, कारण डॉक्टरांसमोर बसलं की डोकं रिकामं होतं, हे मला चांगलं माहीत आहे. कुठली औषधं, हलका डोस की पूर्ण, दाता कोण, अशा मुलांचं काम त्या केंद्राने याआधी किती केलंय. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नकोस. आपण साडी घेतानाही दुकानदाराला चार प्रश्न विचारतो.

दाता शोधायला आजच लागायचं. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. पण त्याच्या धाकट्या भावाचं रक्त नुसतं एचएलएसाठी, म्हणजे पेशी जुळतात का हे बघायला, देऊन चालणार नाही. त्याच्यातही हाच बदल आहे का, ते आधी बघायचं, कारण तू वाहक असलीस तर तो असण्याची शक्यता निम्मी असते. आणि असला तर तो दाता नाही, रुग्ण आहे, आणि त्याचाही पीसीआर लगेच करायचा. त्याची ताई जुळली आणि वाहक निघाली तर पुढचा निर्णय डॉक्टरांवर सोड. घरात कुणीच जुळलं नाही तर नोंदणीकृत दात्यांत शोधतात. आपल्याकडे चेन्नईच्या 'दात्री'सारख्या नोंदण्या आहेत. तेही नाही झालं तर आजकाल अर्धं जुळणारे आईवडीलही चालतात.

सध्या जपायच्या गोष्टी पटापट सांगते. रक्त देण्याची वेळ आली तर नातेवाइकांचं रक्त घ्यायचं नाही, काका-मामा कितीही बाही वर करून उभे राहिले तरी. पुढे त्यांच्यापैकीच कुणी दाता व्हायचा असेल तर आधी दिलेलं रक्त आड येतं. रक्त किरणोत्सार केलेलं असावं, ते रक्तपेढीला आधीच सांगायचं. जिवंत विषाणूंच्या लसी इम्युनॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय नाहीत. महिन्याची इम्युनोग्लोब्युलिनची बाटली चुकवायची नाही, पण ती ईबीव्ही पक्का अडवते असंही समजायचं नाही. आणि ताप. ताप आला, मानेला गाठी आल्या, पोट फुगल्यासारखं वाटलं, अंगावर बारीक लाल ठिपके दिसले, डोळे पिवळे झाले, तर 'व्हायरल आहे, दोन दिवस बघू' असं कुणी म्हटलं तरी बघायचं नाही. गल्लीतल्या डॉक्टरांना निदान लिहिलेली चिठ्ठी दाखवायची आणि सीबीसी, फेरिटिन, यकृताच्या तपासण्या त्याच दिवशी करायला सांगायच्या. ती चिठ्ठी तुझ्या पर्समध्ये, त्याच्या बाबांच्या पाकिटात आणि शाळेच्या दप्तरात. तिन्ही ठिकाणी. आता हसलीस तरी चालेल, पण लिही.

एचएलएच सुरू झालंच तर स्टिरॉइड आणि इटोपोसाइड देऊन ती आग विझवतात, आणि रिटुक्सिमॅब देऊन बी पेशीच काढून टाकतात, म्हणजे विषाणूला राहायला घरच उरत नाही. औषधं आहेत. पण ती वेळ येऊ न देणं स्वस्तही आहे आणि शहाणपणाचंही.

सांगलीहून मुंबईची ये-जा करावी लागेल, ते टळत नाही. परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात एनआयआयएच ही आयसीएमआरची संस्था आहे. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषांवर त्यांचं मोठं काम आहे. पेशींत सॅप प्रत्यक्ष बनतंय की नाही, हे फ्लो सायटोमेट्रीने बघता येतं, आणि जनुकाच्या रिपोर्टला त्याची जोड असली की शंकेला जागा राहत नाही. पलीकडेच वाडिया मुलांचं हॉस्पिटल. तिथेही इम्युनॉलॉजीचा विभाग आहे. एकाच फेरीत दोन्हीकडची कामं उरक. फाइलीच्या झेरॉक्सचे दोन संच कर, राहण्याची सोय आधी ठरव. परळच्या आसपास रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा आहेत, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचार. त्या टेबलामागच्या बायका डॉक्टरांइतक्याच उपयोगी पडतात, माझं ऐक.

पैशांचं. ट्रान्सप्लांट लाखांत जातो, लपवण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात ठरलेल्या मोठ्या केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, आणि केईएम त्यांपैकी एक केंद्र आहे. आपलं निदान त्या यादीत बसतं का, हे तिथल्या समितीला लेखी विचारायचं. तोंडी 'नाही' ऐकून परत यायचं नाही. शिवाय मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान मदत निधी, मोठे ट्रस्ट, सगळीकडे अर्ज एकाच वेळी टाकायचे. नवऱ्याला संकोच वाटतोय म्हणालीस ना, 'लोकांसमोर हात कसा पसरायचा' म्हणून? त्याला म्हणावं, अर्ज भरायला हात पसरावा लागत नाही, पेन धरावं लागतं. दागिने मोडायच्या आधी हे. जमीन विकायच्या तर फारच आधी.

जनुकोपचाराबद्दल तू विचारलंस. लंडनमधला एक गट सॅपचा चांगला जनुक मुलाच्या स्वतःच्याच पेशींत घालायच्या खटपटीत बरीच वर्षं आहे, आणि उंदरांत त्याला यश आलंय. आशेची गोष्ट आहे. पण त्याची वाट बघत आजचा निर्णय पुढे ढकलायचा नाही.

पुढच्या बाळाचा विषय तू अडखळत काढलास, म्हणून तेवढंच सांगते. तू वाहक असलीस तर प्रत्येक गरोदरपणात मुलगा झाला तर तो आजारी असण्याची शक्यता निम्मी, मुलगी झाली तर ती वाहक असण्याची निम्मी. गर्भलिंगनिदान आपल्याकडे गुन्हा आहे, तो असायलाच हवा. पण त्याच पीसीपीएनडीटी कायद्यात लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत जनुकीय केंद्रात गर्भाची तपासणी करायची परवानगी आहे. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेतात. म्हणून दिवस राहायच्या आधी ये, राहिल्यावर धावत नको. आणि कुणी 'मुलगीच होऊ दे म्हणजे कटकट नाही' असं म्हणालं, तर त्याच्याकडे दुर्लक्ष कर. वाहक मुलगी ही काही सुटका नव्हे, तिच्यापुढेही एक दिवस हाच प्रश्न उभा राहणार आहे. तिला तेव्हा तू आहेस, एवढाच फरक. आणि तुझा हाच मुलगा बरा होऊन बाप झाला, तर त्याच्या मुलग्यांना हे जाणार नाही, मुली मात्र सगळ्या वाहक असतील, कारण ट्रान्सप्लांट रक्त बदलतो, पुढच्या पिढीला जाणारा जनुक नाही. हे त्याला मोठं झाल्यावर सांगायला विसरू नकोस. लिहून ठेव, त्याच फाइलमध्ये.

एक काम राहिलं, आणि मला माहीत आहे तू तेच टाळतेयस. नागपूरची तुझी धाकटी बहीण. तिचा मुलगा दहा महिन्यांचा आहे, गुटगुटीत आहे, आणि तिला यातलं काहीच ठाऊक नाही. 'तिच्या संसारात कशाला विष कालवू' असं तू म्हणालीस. अगं, तू विष कालवत नाहीयेस. तू वाहक असलीस तर तीही असण्याची शक्यता आहे, आणि तिच्या बाळाला अजून ईबीव्ही भेटला नसेल तर त्याच्याजवळ तुझ्या पोराहूनही जास्त वेळ आहे. तिच्या सासरी काय वाटेल ते नंतर बघू, मी स्वतः बोलेन हवं तर. तुझा स्वतःचा रिपोर्ट यायची वाटही बघू नकोस. आज संध्याकाळी दिवे लागले की तिला फोन कर, आणि बाळाची तपासणी याच आठवड्यात करायला सांग.